आधी फ्रीझर, मग जीनोम

विदर्भात वाघ मेला की ठरलेली कार्यवाही सुरू होते. पंचनामा होतो. पशुवैद्यक शवविच्छेदन करतात, नखं, सुळे, मिशा जागेवर आहेत ना याची खात्री केली जाते, व्हिसेरा बरण्यांत भरून रासायनिक तपासणीला रवाना होतो, ऊतींचे काही तुकडे फॉर्मेलिनमध्ये पडतात. उरलेलं धड कातड्यासकट लाकडांवर रचून जाळलं जातं आणि पुरती राख होईपर्यंत अधिकारी तिथून हलत नाहीत. ही पद्धत योग्यच आहे. अवयवांची तस्करी थांबवायची तर शव शिल्लक ठेवून चालत नाही. पण त्या चितेत आणखी एक गोष्ट जाते: त्या वाघाच्या प्रत्येक पेशीतली डीएनएच्या साधारण २.४ अब्ज अक्षरांची पोथी, म्हणजेच जीनोम. जे नमुने घेतले जातात ते मृत्यूचं कारण शोधण्यासाठी असतात, पोथी वाचण्यासाठी नसतात. हरभऱ्याच्या दाण्याएवढे चार-पाच तुकडे वेळेत गोठवून ठेवले, तर ती पोथी पन्नास वर्षांनीही उघडता येते.

नागपूरकडे या कामासाठी जेवढं आहे तेवढं राज्यात दुसऱ्या कुठल्या शहराकडे क्वचितच असेल. वनखात्याचं मुख्यालय इथे, राज्य जैवविविधता मंडळ इथे, पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठ आणि त्याचं गोरेवाड्याचं वन्यजीव संशोधन केंद्र इथे, सेमिनरी हिल्सला जखमी प्राण्यांसाठी ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, शिवाय नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला, बोर, नवेगाव-नागझिरा ही जंगलं मोटारीने काही तासांच्या अंतरावर. अशा शहरात जीनोमची चर्चा निघाली की बोलणं लगेच ते वाचणाऱ्या यंत्राकडे वळतं: सिक्वेन्सर कुठला घ्यायचा, किती कोटींचा, उद्घाटन कधी. आमचं म्हणणं असं की यंत्र शेवटी घ्या, किंवा घेऊच नका. सिक्वेन्सर पाच-सात वर्षांत जुना होतो आणि वाचनाचा खर्च दरवर्षी उतरतो. नमुना मात्र आज गेला की कितीही पैसे ओतून परत मिळत नाही. म्हणून या शहराला सगळ्यात आधी हवी आहे ती नीट चालवलेली, सर्व संस्थांना खुली आणि कायमस्वरूपी गोठवलेली ऊती-बँक.

थोडी पार्श्वभूमी. माणसाचा जीनोम वाचायला १९९० ते २००३ अशी तेरा वर्षं आणि सुमारे ३ अब्ज डॉलर लागले. तरी जवळपास ८ टक्के भाग सुटलाच होता, तो भरून निघायला २०२२ उजाडलं. वाघाचा पहिला जीनोम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तो कोरियातल्या प्राणिसंग्रहालयातल्या एका सैबेरियन वाघाचा. नोव्हेंबर २०१८ मध्ये अर्थ बायोजीनोम प्रकल्प सुरू झाला. पेशीत केंद्रक असलेल्या सर्व ज्ञात प्रजाती, म्हणजे सुमारे १५ लाख, दहा वर्षांत वाचायच्या आणि त्यासाठी ४.७ अब्ज डॉलर लागतील, असा त्याचा अंदाज. पहिल्या टप्प्यात प्रत्येक कुळाची एक प्रजाती, म्हणजे साधारण ९,४०० जीनोम. एकट्या ब्रिटन-आयर्लंडने आपल्याकडच्या ७०,००० प्रजाती वाचायचं ठरवलं आहे. आपल्या प्राणिशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या यादीत भारतात प्राण्यांच्याच १,०४,५६१ प्रजाती आहेत. वनस्पती आणि बुरशी वेगळ्या. दहा वर्षांचं वेळापत्रक कोलमडणार हे आता उघड आहे आणि घोडं अडतं ते बहुतेक वेळा नमुन्यापाशी. ओळख पक्की असलेला, ताजा, कायदेशीर परवानगीने घेतलेला नमुना मिळवणं हे यंत्र चालवण्याहून कठीण काम आहे.

आता मुळातला एक घोटाळा दूर करायला हवा. ‘वाघाचा जीनोम वाचून झाला’ याचा अर्थ एका वाघाचा वाचून झाला. त्याला संदर्भ जीनोम म्हणतात, आणि तो चांगल्या प्रतीचा लागतो: सलग जुळलेले तुकडे निदान दहा लाख अक्षरांचे, ते गुणसूत्रांनुसार मांडलेले आणि दहा हजार अक्षरांत एकाहून जास्त चूक नाही. संदर्भ जीनोम म्हणजे शब्दकोश. संवर्धनाला लागते ती माणसांची, इथे वाघांची, खानेसुमारी: त्याच जंगलातले वीस, पन्नास, शंभर वाघ त्या शब्दकोशाच्या मदतीने वाचून पाहायचे, कोण कोणाचा, कोणत्या जंगलात किती वैविध्य उरलं आहे, कुठे नात्यातल्या नात्यात सोयरीक होते आहे. पहिलं काम बातमीत येतं. दुसरं येत नाही, पण जंगलातले निर्णय त्यावरच ठरायला हवेत.

ओडिशातल्या सिमिलिपालचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. तिथल्या वाघांचे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले, काही तर लांबून काळेच दिसतात. बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन केंद्रातल्या उमा रामकृष्णन यांच्या गटाने २०२१ मध्ये त्याचं कारण दाखवलं: टॅकपेप नावाच्या जनुकात एकाच अक्षराचा बदल. आईकडून आणि बापाकडून अशा दोन्ही प्रती बदललेल्या आल्या की पट्टे पसरतात. बाहेरच्या जंगलांतल्या वाघांत हा बदल जवळपास सापडतच नाही; सिमिलिपालमध्ये मात्र निम्म्याहून जास्त प्रती बदललेल्या निघाल्या. पर्यटकांना तो काळा वाघ म्हणजे दुर्मीळ दर्शन वाटतं. वाचता येणाऱ्याला त्यात दिसतं की हे जंगल एकटं पडलं आहे, थोड्याच वाघांपासून सगळे वाढले आणि बाहेरचं रक्त येत नाही. एका जनुकाचा बदल डोळ्यांना दिसला म्हणून कळलं. जे अंगावर उमटत नाहीत, शुक्राणूंवर, हृदयावर, प्रतिकारशक्तीवर परिणाम करतात, ते जीनोम वाचल्याशिवाय कळत नाहीत.

यावर उपाय म्हणून २०२४ मध्ये जमुना आणि झीनत या दोन वाघिणी सिमिलिपालला नेण्यात आल्या, त्या आपल्या ताडोबातून. म्हणजे विदर्भ आता देशाला वाघ पुरवणारा प्रदेश झाला आहे. झीनत सिमिलिपालमधून बाहेर पडून झारखंड आणि पश्चिम बंगालमध्ये भटकली आणि डिसेंबरमध्ये बांकुड्यात तिला बेशुद्ध करून परत आणावं लागलं. कोणती जनुकं हवीत हे माणूस ठरवेल, पण घर कुठे करायचं ते वाघीण ठरवते, हेही ध्यानात ठेवायला हवं. तरीही अशा स्थलांतराचा उपयोग होतो. अमेरिकेत फ्लोरिडात प्यूमा हे मार्जारकुळातले मोठे प्राणी इतके कमी उरले होते की शेपट्या वाकड्या, वृषणं खाली न उतरलेली अशी पिल्लं जन्मत होती. १९९५ मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या आणि पुढच्या वर्षांत तिथली संख्या तिपटीवर गेली.

आपल्याकडे ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी २०२३ च्या मे महिन्यात नागझिऱ्यात सोडल्या गेल्या. अशा वेळी प्रश्न विचारायचा तो असा: पाठवतो आहोत त्या दोघी एकमेकींच्या बहिणी तर नाहीत? तिथल्या नराशी त्यांचं नातं काय? त्यांच्यात एखादा घातक बदल एका प्रतीत दडून बसला आहे का, जो लहान जंगलात दोन पिढ्यांनी दुहेरी होऊन समोर येईल? जीनोममध्ये आई-बापाच्या प्रती अक्षरशः सारख्या असलेले लांबच लांब पट्टे मोजले की नात्यातल्या प्रजननाचं माप मिळतं. पट्टा जितका लांब तितकं नातं जवळचं आणि अलीकडचं. वाघीण बेशुद्ध असताना कॉलर लावली जाते, तेव्हा रक्त गोठू न देणारं ईडीटीए घातलेल्या नळीत पाच मिलिलिटर रक्त घेतलं तर या तिन्ही प्रश्नांना हात घालता येतो. निर्णयाच्या आधी उत्तर हवं असेल तर मात्र रक्त आधीच्या वर्षी घेतलेलं असावं लागतं.

रस्त्यांचंही तेच. नागपूर-सिवनी महामार्गावर पेंचमधून जाताना वन्यप्राण्यांसाठी नऊ भुयारी मार्ग आणि पूल बांधले गेले, सर्वांत लांब ७५० मीटरचा. ट्रॅप कॅमेऱ्यांत वाघ, रानकुत्री, चितळ तिथून जाताना टिपले गेले आणि ते मोठं यश आहे. पण रस्ता ओलांडला म्हणजे सोयरीक जुळली असं होत नाही. टिपेश्वरचा टी-१-सी-१ हा तरुण वाघ २०१९ मध्ये ३,००० किलोमीटरहून जास्त चालून ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. देशभर कौतुक झालं. तिथे वाघीण नव्हती, म्हणजे त्याच्या चालण्याने एकाही जंगलाची जनुकं बदलली नाहीत. भुयारी मार्ग उपयोगी पडला की नाही याचा खरा निकाल रस्त्याच्या दोन बाजूंच्या पुढच्या पिढीच्या डीएनएतच मिळतो, आणि त्यासाठी रस्ता होण्याआधीचे नमुनेही जपलेले असावे लागतात. नवा महामार्ग, नवा कालवा, नवी खाण यांच्या पर्यावरण मंजुरीत ‘आधीचे’ नमुने घेण्याची अट घालणं अवघड नाही.

प्रत्येक वाघाला बेशुद्ध करणं शक्य नाही आणि योग्यही नाही. तिथे विष्ठा कामाला येते. आतड्याच्या आतल्या आवरणाच्या पेशी विष्ठेच्या बाहेरच्या चकचकीत थरावर चिकटलेल्या असतात, म्हणून तुकडा उचलायचा नाही; ओलसर स्वॅब त्या थरावरून फिरवायचा आणि संरक्षक द्रावणात ठेवायचा. आतला भाग घेतला की त्यात भक्ष्याचा आणि जिवाणूंचा डीएनए भरमसाट येतो. वाघाचा स्वतःचा भाग तसाही बऱ्याचदा एक टक्क्याच्या आसपासच असतो. ऊन आणि पाऊस हे दोन्ही शत्रू. पावसाळ्यात शेणकिडे काही तासांत विष्ठा फस्त करतात. त्यामुळे विष्ठेतून अख्खा जीनोम वाचण्याचा हट्ट न धरता, आधीच ठरवलेल्या शंभरेक जागांवरची अक्षरं वाचणं शहाणपणाचं. तेवढ्याने वाघ कोणता आणि कोणाच्या नात्यातला हे कळतं. मात्र त्या शंभर जागा कोणत्या हे ठरवायला आधी मध्य भारतातल्या पुष्कळ वाघांचे पूर्ण जीनोम लागतात, आणि ते मेलेल्या वाघांच्या चांगल्या ऊतींतून येतात. पुन्हा आपण फ्रीझरपाशीच येतो.

तर ऊती कशी घ्यायची, आणि कुठे बिघडतं? नागपूर-चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. मेलेल्या शरीरात पेशींमधली विकरं (एन्झाइम) मोकळी होतात आणि डीएनएच्या लांब धाग्याचे तुकडे करू लागतात. यकृत आणि स्वादुपिंड सगळ्यात आधी जातात, स्नायू, हृदय आणि कानाची पाळ जास्त तग धरतात. म्हणून शव उशिरा सापडलं तर यकृताच्या मागे लागू नये, मांडीचा खोलवरचा स्नायू आणि कानाची पाळ घ्यावी. ताजं असेल तर स्नायू, हृदय, प्लीहा, यकृत आणि कान यांचे प्रत्येकी दोन-तीन तुकडे, वेगवेगळ्या दोन मिलिलिटरच्या, अतिथंडीत टिकणाऱ्या क्रायोनळ्यांत. तुकडा मोठा घेण्याचा मोह टाळायचा, कारण मोठा तुकडा आतून गोठेपर्यंत सडतो. नर मिळाला तर उत्तम, त्यात एक्स आणि वाय दोन्ही गुणसूत्रं मिळतात. पक्ष्यांत उलट, तिथे मादी हवी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फॉर्मेलिन. शवविच्छेदनाच्या टेबलावर तीच बाटली हाताशी असते. सूक्ष्मदर्शकाखाली रोग पाहायला ती हवीच, पण डीएनएला ती प्रथिनांशी जखडून टाकते आणि त्याचे तुकडे पाडते, पुढे लांब वाचनासाठी तो नमुना निरुपयोगी ठरतो. एक संच फॉर्मेलिनला आणि एक संच गोठवायला, हे दोन वेगळ्या रंगांच्या झाकणांनी पहिल्यापासून वेगळं ठेवायला हवं. थंडीची सोय नसेल तर डीएमएसओ हे द्रावक आणि मीठ यांचं द्रावण, म्हणजे २० टक्के डीएमएसओ, ०.२५ मोलर ईडीटीए आणि विरघळेल तेवढं मीठ. यात पातळ कापलेला तुकडा साध्या तापमानावरही महिनोन्महिने टिकतो. ९५ टक्क्यांच्या वरचं इथेनॉलही चालतं, पण तुकड्याच्या किमान पाचपट घ्यावं लागतं आणि गुणसूत्राची घडी कशी होती हे समजून घेण्याच्या चाचणीसाठी ते फारसं भरवशाचं नाही. त्या चाचणीला आणि आरएनएला झटपट गोठवलेलीच ऊती हवी, उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये.

गडचिरोलीच्या जंगलात द्रवरूप नायट्रोजन कुठून आणायचा, असा प्रश्न लगेच येतो. तो तिथे आहेच. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी पशुसंवर्धन विभागाच्या दवाखान्यांपर्यंत द्रवरूप नायट्रोजनचे कंटेनर नियमित भरले जातात. ही साखळी उभी करायला राज्याने काही दशकं घेतली आहेत. वनक्षेत्राला लागून असलेल्या तालुक्यांत त्याच फेरीत एकेक जास्तीचा कंटेनर फक्त वन्यप्राण्यांच्या ऊतींसाठी भरला तर नवी व्यवस्था उभारावीच लागत नाही. रेतमात्रांच्या कंटेनरमध्ये मात्र या नळ्या कधीही टाकू नयेत. नायट्रोजनमध्ये रोगजंतू मरत नाहीत, टिकून राहतात, आणि रानातला आजार गोठ्यात पोचण्याची वाट आपण आपल्या हाताने उघडू. तसंच रानगवा किंवा रानम्हैस अचानक मेली असेल आणि नाका-तोंडातून न गोठलेलं काळं रक्त येत असेल तर शव फाडायचं नाही. काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्स असू शकतो. कानाच्या शिरेतून रक्ताचा लेप घेऊन आधी तपासणी.

नळ्या नागपुरात आल्या की उणे ८० अंशांचा फ्रीझर. हे यंत्र वातानुकूलित खोलीतच ठेवावं लागतं. उन्हाळ्यात साध्या खोलीत त्याचा काँप्रेसर दमून जातो आणि नेमका लोडशेडिंगच्या रात्री बंद पडतो. जनरेटर हवा, तापमान चढलं की फोनवर सूचना देणारी यंत्रणा हवी, आणि प्रत्येक नमुन्याचा एक भाग दुसऱ्या इमारतीत, शक्यतो दुसऱ्या शहरात. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्र संस्थेची लुप्तप्राय प्रजातींची प्रयोगशाळा पाचशे किलोमीटरवर आहे, तिथे दुसरा संच ठेवता येईल. गोठलेला नमुना वितळून पुन्हा गोठवला की बर्फाचे कण पेशी फोडतात आणि डीएनएचे धागे तुटतात, म्हणून सुरुवातीलाच छोटे छोटे भाग करून ठेवायचे. एक भाग काढला की तो संपवायचा. वाचनासाठी ५० हजार अक्षरांहून लांब धागे हाती यायला हवेत. साध्या पिपेटच्या टोकातून जोरात ओढलं तरी ते तुटतात. एका वाघाचा संदर्भ जीनोम करायचा तर तीसपट वाचन, म्हणजे ७२ अब्ज अक्षरांची माहिती लागते, आणि त्यासाठी काही मायक्रोग्रॅम शुद्ध डीएनए. तो मोजताना नुसत्या प्रकाशशोषणावर विसंबू नये, त्या यंत्राला आरएनए आणि कचराही डीएनएच वाटतो.

लेबलाबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त नमुने इथेच मरतात. मार्कर पेनची शाई इथेनॉलच्या एका थेंबाने पुसते. साधा कागदी स्टिकर उणे ८० ला गळून पडतो. पेन्सिलीने लिहिलेला जाड कागदाचा तुकडा इथेनॉलच्या नळीत आत आणि क्रायोलेबल बाहेर, हा जुना उपाय अजून सर्वांत चांगला. त्यावर प्रजाती, लिंग, जागेचे अक्षांश-रेखांश, मृत्यूनंतर किती तासांनी घेतला, कशात ठेवला, कोणी घेतला आणि मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीचा क्रमांक. चुकीच्या लेबलाची किंमत रानपिंगळ्याने मोजली आहे. १८८४ नंतर हा पक्षी कोणालाच नीट सापडला नाही. १९१४ चा म्हणून एक नमुना संग्रहालयात होता, तो ब्रिटिश पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्‌झहागन याने जुना नमुना पळवून खोटं ठिकाण लिहून ठेवलेला होता. त्या ठिकाणाच्या आधाराने शोधणारे भलत्याच जंगलात फिरले. ते लेबल बाजूला सारल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला, ११३ वर्षांनी. आज मेळघाट हे त्याचं मोठं घर आहे.

वाघावर इतकं लिहिलं, कारण वाघासाठी यंत्रणा आहे. पण विदर्भाची जैवविविधता वाघापुरती नाही. गोंदिया-भंडाऱ्याचे मालगुजारी तलाव घ्या, कोहळी समाजाने खोदलेले, ढिवर समाजाने जपलेले. त्यांतल्या देशी माशांची मोजणी जाळं टाकून करायची तर महिने जातात. तलावातलं लिटरभर पाणी बारीक गाळणीतून गाळून त्यातला डीएनए वाचला तर कोणते मासे आहेत ते दिसतं, निदान दिसायला हवं. प्रत्यक्षात दोन अडचणी येतात. या तलावांचं पाणी गढूळ, गाळणी दहा मिनिटांत बुजते, त्यामुळे आधी जाड गाळणी लावून पाणी कमी आणि गाळण्या जास्त वापराव्या लागतात. दुसरी मोठी: वाचलेली अक्षरं कोणत्या माशाची हे सांगणारा संदर्भच उपलब्ध नसला तर संगणक उत्तर देतो, ‘अज्ञात’. ज्याला ढिवर बाई नावाने ओळखते तो मासा जागतिक माहितीसाठ्यात अज्ञात. मरळ, वाम अशा एकेका माशाचा ओळख पटलेला नमुना, त्याचं स्थानिक नाव आणि सुमारे ६५० अक्षरांचा बारकोड, एवढं काम पूर्ण जीनोमच्या कितीतरी आधी करता येतं. आणि ते महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होतं.

झाडांचं वेगळंच. मोहाच्या, सागाच्या पानांत टॅनिन आणि चिकट शर्करा इतक्या असतात की डीएनए काढायला जावं तर हाती तपकिरी डिंक येतो. कोवळं पान, अंधारात दोन दिवस ठेवलेली फांदी, पेशी फोडणाऱ्या सीटीएबीबरोबर टॅनिन शोषणारं पीव्हीपी, आणि तरीही जमलं नाही तर आधी पेशींची केंद्रकं वेगळी करून मग डीएनए काढायचा. कापसाच्या पानात गॉसिपॉल हे विषारी रंगद्रव्य आडवं येतं. पण ते जमवलं गेलं: देशी कापसाचा सुमारे १.७ अब्ज अक्षरांचा जीनोम २०१४ मध्ये आला. नागपूरच्या कापूस संस्थेत हजारो वाणांचं बियाणं जपलेलं आहे. पर्णगुच्छ विषाणूला न जुमानणारे गावरान वाण शेतातून जवळजवळ हद्दपार झाले तेव्हा त्या बियाण्याची किंमत कळते. संत्र्याची गोष्ट याहून नाजूक. संत्र्याच्या बीमधले बरेच भ्रूण आईच्याच पेशींपासून होतात, त्यात बापाचा वाटा नसतो. वर आपण जंबेरी या लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कलमाची कळी, बांधतो. म्हणजे नागपुरी संत्र्याच्या बागा जनुकांच्या हिशोबाने एकमेकींच्या नकला आहेत, आणि डिंक्या रोग एका झाडाला लागला की शेजारच्याकडे वेगळं हत्यार नसतं. ते वेगळं हत्यार मेघालयातल्या नोक्रेकच्या रानटी लिंबूवर्गात असू शकतं. तिथलं जंगल आणि काटोलची बाग यांचं हित एकच आहे.

आता आक्षेप. ‘आधी जंगल वाचवा, मग जीनोम वाचा’ हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला हलकं लेखू नये. मेक्सिकोजवळच्या समुद्रात वाकिटा नावाची छोटी पॉर्पस, म्हणजे डॉल्फिनसारखा प्राणी, उरली आहे, जेमतेम दहा. तिच्यात वैविध्य इतकं कमी की आता ती जनुकांमुळेच संपणार, असं मानलं जायचं. २०२२ मध्ये जीनोम वाचून संशोधकांनी दाखवलं की तसं नाही. तिच्यात घातक बदल कमीच आहेत आणि जाळी थांबवली तर ती सावरू शकते. जीनोमने तिथे सबब काढून घेतली. गोंदियाच्या सारसांबद्दल हेच करायला हवं. थोडे उरले म्हणून रक्त कमजोर झालं, असं कोणी म्हणण्याआधी वाचून पाहावं. विजेच्या तारा, कीटकनाशकं आणि बुजवलेली पाणथळ जागा यांची जबाबदारी जनुकांवर ढकलता येऊ नये. गडचिरोलीत कोलामार्काच्या रानम्हशींचा प्रश्न याच्या उलट आहे. गावच्या म्हशींशी संकर किती झाला हे जीनोमशिवाय ठरत नाही आणि ते न ठरता प्रजननकेंद्र उभारलं तर आपण भलत्याच जनावरांना रानम्हैस म्हणून वाढवू. तुलनेसाठी संग्रहालयातली आणि जुन्या वाड्यांतली शिंगंही उपयोगी पडतील, त्यांच्या मुळाशी जुना डीएनए टिकलेला असतो.

दुसरा आक्षेप मालकीचा. तो मला अधिक खरा वाटतो. अक्षरं एकदा खुल्या माहितीसाठ्यात गेली की जगात कुठलीही कंपनी ती वापरून औषध किंवा बियाणं करू शकते, आणि ज्या गावाने ती वनस्पती पिढ्यानपिढ्या राखली त्याला पत्ताही लागत नाही. २०२४ मध्ये कोलंबियातल्या काली शहरात झालेल्या जैवविविधता परिषदेत यासाठी निधीचा निर्णय झाला: अशा माहितीतून कमावणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा एक टक्का किंवा उलाढालीचा ०.१ टक्का द्यावा. पण तो ऐच्छिक आहे. न्यूझीलंडमध्ये काकापो या पोपटाचे त्या वेळी जिवंत असलेले सगळे, म्हणजे १२५ पक्षी वाचायचा प्रकल्प झाला, आणि ती माहिती न्गाई ताहू या माओरी समाजाच्या संमतीखेरीज मिळत नाही. आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवह्या केल्या आहेत. पुष्कळ नोंदवह्या मुदतीच्या घाईत एकमेकींवरून उतरवल्या गेल्या, हे खेदाने म्हणावं लागतं. त्यात नमुन्याचा क्रमांक, संमतीचा ठराव आणि माहिती कोणाला दिली याचा रकाना घातला तर त्या वह्यांना जीव येईल. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारखी ग्रामसभा हा ठराव वाचून, वाद घालून करेल. तो वेळ द्यावा लागेल. दुर्मीळ प्रजातींचे नेमके अक्षांश-रेखांश मात्र कोणालाच खुले करू नयेत. शिकाऱ्यालाही इंटरनेट वापरता येतं.

खर्चाचं सांगायचं तर दोन फ्रीझर, वनक्षेत्रातल्या तालुक्यांसाठी कंटेनर, नळ्या, द्रावणं आणि एक जनरेटर ही रक्कम एका मोठ्या सिक्वेन्सरच्या किमतीपुढे किरकोळ आहे. वाचन हवं तेव्हा बाहेरून करून घेता येतं. अवघड आहे ते माणसाचं. असे संग्रह तीन वर्षांच्या प्रकल्पावर सुरू होतात, कंत्राटी संशोधक नमुने गोळा करतो, त्याच्या संकेताच्या नोंदी त्याच्या वहीत आणि अर्ध्या त्याच्या डोक्यात असतात. प्रकल्प संपतो, तो दुसरीकडे नोकरीला लागतो, आणि मागे राहतो ‘व्ही-३-बी-११’ असं लिहिलेल्या नळ्यांनी भरलेला फ्रीझर, ज्याचं वीजबिल भरायला पुढच्या वर्षी लेखाशीर्ष नसतं. तेव्हा विद्यापीठाच्या किंवा मंडळाच्या आकृतिबंधात ऊती-संग्रहपालाचं एक कायम पद आणि विजेसाठी दरवर्षीची स्वतंत्र तरतूद मंजूर करून घेणं, हे यंत्राच्या निविदेच्या आधी व्हायला हवं.